आधी आटे मोजा, मग चक घ्या

ऑक्टोबर संपत आला की विचारणा सुरू होते. अंगणातली कामं आटोपलेली असतात, बेसमेंटचा किंवा गॅरेजचा एक कोपरा मोकळा केलेला असतो आणि कुणीतरी लाकूड कातायचा छोटा लेथ घरी आणलेला असतो. मिसिसागा असो, कॅलगरी असो की सरे, प्रश्न एकच येतो: "चक कुठला घेऊ?" सोबत तीन-चार चित्रं पाठवलेली असतात, किमती १५० डॉलरपासून ५०० डॉलरपर्यंत, आणि दिसायला सगळे चक सारखेच.

चित्र बघून या प्रश्नाचं उत्तर देता येत नाही. तुमच्या लेथच्या स्पिंडलला कुठले आटे आहेत आणि तुम्ही पहिल्या सहा महिन्यांत काय काय बनवणार आहात, या दोन गोष्टी कळल्या की नव्वद टक्के चक आपोआप बाद होतात. म्हणून हा लेख याच दोन गोष्टींभोवती लिहिला आहे.

तुम्हाला चक लागणार आहे का?

आपल्या घरांत लेथ आला की पहिली यादी ठरलेली असते: लाटणं, रवी, मुलांसाठी भोवरा, देव्हाऱ्याचे छोटे खांब, कुंकवाचा करंडा, पोळपाट, मग एखादं मोठं लाकडी भांडं. यातल्या निम्म्या वस्तूंना चक लागतच नाही.

लाटणं, रवीचा दांडा, खांब, हत्यारांच्या मुठी हे सगळं दोन टोकांत धरून कातायचं काम. लेथबरोबर जे ड्राइव्ह सेंटर आणि टेलस्टॉकचं फिरतं टोक मिळतं, तेवढ्यावर ते होतं. पोळपाटालाही फेसप्लेट पुरते. खालच्या बाजूने चार जाड स्क्रू मारा, वरचा पृष्ठभाग आणि कड कातून घ्या, स्क्रूची भोकं नंतर लाकडी बुचांनी बुजवा. पाय लावून पोळपाट ओट्यावर ठेवला की ती कुणाला दिसतही नाहीत.

चक लागतो तो वस्तूचं एक टोक मोकळं ठेवून आतून कोरायचं असेल तेव्हा. करंडा, भांडं, फुलदाणी, मिरपुडीची चक्की, डब्याचं झाकण. भोवराही चकमध्ये धरला की फार सोपा होतो, कारण आर बसवायचं टोक मोकळं राहतं.

म्हणून माझा आग्रह असा की लेथ आल्यावर पहिला महिना चक घेऊच नका. दहा लाटणी काता. पटाशी हातात बसेल, लेथ कुठे थरथरतो ते कळेल, आणि तुम्हाला खांब आवडतात की भांडी, हेही कळेल. चकचे पैसे त्यावर ठरवायचे आहेत.

स्पिंडलचे आटे

इथे सर्वात जास्त पैसे वाया जातात. हेडस्टॉकमधून बाहेर आलेल्या ज्या आट्यांच्या दांड्यावर चक बसतो, तो स्पिंडल. त्याचे आटे आणि चकचे आटे जुळलेच पाहिजेत. "साधारण बसतो" असं काही नसतं.

कॅनडातल्या घरगुती लेथवर बहुतेक वेळा यातलं काहीतरी आढळतं:

- १ इंच, ८ टीपीआय (म्हणजे एका इंचात ८ आटे): बाकावर ठेवायच्या छोट्या आणि मध्यम लेथवर सर्वात जास्त आढळणारं माप.
- सव्वा इंच, ८ टीपीआय: जमिनीवर उभ्या राहणाऱ्या मोठ्या लेथवर.
- एम३३ × ३.५: ३३ मिलिमीटर व्यास आणि ३.५ मिलिमीटरचा पल्ला, म्हणजे दोन आट्यांतलं अंतर. युरोपी बनावटीच्या अनेक आणि ऑन्टारिओत बनणाऱ्या वनवेच्या लेथवर.
- पाऊण इंच, १६ टीपीआय: जुन्या, हलक्या लेथवर.

माहितीपुस्तिका असेल तर त्यात बघा, पण त्यावर थांबू नका. विशेषतः लेथ जुना घेतला असेल तर स्वतः मोजा. लागतं ते एक व्हर्नियर कॅलिपर आणि एक इंचाची पट्टी. लेथचा प्लग काढा, आट्यांतला भुसा जुन्या टूथब्रशने साफ करा आणि कॅलिपरने आट्यांच्या बाहेरचा व्यास घ्या. आट्यांची टोकं किंचित खाली घासलेली असतात, त्यामुळे १ इंचाचा स्पिंडल नेमका २५.४ मिलिमीटर भरत नाही, पाव मिलिमीटरभर कमीच येतो. सव्वा इंचाचा साडेएकतीसच्या आसपास, आणि एम३३ तेहतीसच्या किंचित खाली.

मग पट्टी आट्यांना लावून धरा. एका आट्याचं टोक शून्यावर आणा आणि त्याच्या पुढच्या टोकापासून मोजत चला. ८ टीपीआय असेल तर आठवं टोक बरोबर एक इंचाच्या रेघेवर येतं. एम३३ असेल तर इंचात सव्वासातच बसतात. डोळ्यांना सव्वा इंच आणि एम३३ जवळपास सारखे दिसतात, आणि गोंधळ होतो तो याच जोडीत. मोजलेले दोन्ही आकडे कागदावर लिहा, स्पिंडलचा फोटो काढा आणि दोन्ही दुकानात घेऊन जा.

चुकीच्या आट्यांचा चक कधी कधी एक-दीड फेरे बसतो आणि मग अडतो. तिथे जोर लावला तर चकपेक्षा मोठं नुकसान स्पिंडलचं होतं. चक बदलून मिळेल. स्पिंडल बदलायचा तर अख्खं हेडस्टॉक उघडावं लागतं.

थेट आटे की इन्सर्ट?

काही चकच्या अंगातच आटे पाडलेले असतात, ते थेट स्पिंडलवर बसतात. काहींच्या मागे मोठं भोक असतं आणि तुमच्या स्पिंडलच्या मापाचा इन्सर्ट त्यात वेगळा बसवायचा असतो.

थेट आट्यांचा चक थोडा स्वस्त, थोडा आखूड आणि सुटे भाग कमी. तुमचा लेथ १ इंच, ८ टीपीआयचा आहे आणि पुढची दहा वर्षं तोच राहणार याची खात्री असेल तर तो घ्या. पण माझ्या ओळखीत ज्यांना हा छंद लागला, त्यातल्या बहुतेकांनी तीन-चार वर्षांत मोठा लेथ घेतला. इन्सर्टवाला चक असला की तेव्हा फक्त नवा इन्सर्ट घ्यावा लागतो, चक आणि सगळे जबडे तसेच कामी येतात. थोडे पैसे जास्त गेले तरी मी इन्सर्टचाच सल्ला देतो.

खरेदी करताना एक गोष्ट नक्की विचारा: इन्सर्ट किमतीत धरला आहे की वेगळा? चकची किंमत बघून ऑर्डर दिली आणि खोक्यात इन्सर्टच नाही, असं मी अनेकांकडून ऐकलं आहे.

आणि अडॅप्टर टाळा. लहान स्पिंडलवर चढवून मोठ्या आट्यांचा चक बसवायचा तुकडा मिळतो. तो घातला की चक स्पिंडलपासून आणखी पुढे सरकतो आणि थरथर वाढते. जुना चांगला चक हाताशी आहे आणि फक्त आटे जुळत नाहीत, तर तात्पुरता चालेल. नवा चक विकत घेताना मात्र हा मार्ग धरू नका.

चकचं अंग केवढं?

मोठा चक म्हणजे मजबूत पकड, हे खरं. पण छोट्या लेथवर मोठा चक म्हणजे बेअरिंगवर ताण, सुरू होताना मोटरवर भार आणि लांबीची नासाडी. १२ इंचांपर्यंतचं लाकूड फिरेल अशा लेथला साधारण साडेतीन ते चार इंच व्यासाचं अंग योग्य. १६ इंच आणि वरच्या लेथला साडेचार इंचांचा चक शोभतो.

धातूकामाच्या लेथचा तीन जबड्यांचा चक स्वस्तात मिळतो, भारतातून येताना कुणी तो आणूही शकतं, म्हणून हा प्रश्न वारंवार येतो. लाकडासाठी तो घेऊ नका. त्याचे जबडे सरळ आणि अरुंद असतात, लाकडात तीन ठिकाणी रुततात आणि पकड सैल होते. ते अंगाबाहेर आलेले असतात आणि फिरताना दिसत नाहीत. लाकूड कातताना आपला हात चकच्या किती जवळ असतो ते आठवा.

जबडे: खोक्यात किती आहेत ते मोजू नका

"पाच जबड्यांच्या जोड्या मोफत" अशी पाटी असलेला संच बघून मन होतं. मी असा संच एकदा घेतला. त्यातल्या तीन जोड्या आजही तेलकट कागदात गुंडाळलेल्या आहेत.

जबडे कसे बनतात ते समजलं की निवड सोपी होते. आधी पोलादाचं एक पूर्ण गोल कडं कातलं जातं, मग ते कापून चार तुकडे होतात. त्यामुळे चारही जबडे मिळून खरा गोल फक्त एकाच ठिकाणी होतो, जवळजवळ मिटलेले असताना, मध्ये करवतीच्या पात्याएवढी फट राहते तेव्हा. तिथे लाकडाला सगळीकडून सारखी पकड मिळते. जबडे जास्त उघडले की प्रत्येक जबड्याची फक्त दोन टोकं लाकडाला टेकतात. लाकडावर आठ खोल व्रण उठतात आणि पकड मात्र कमी होते. म्हणून जबड्यांचं माप ठरवताना "किती उघडतो" याला महत्त्व देऊ नका. मिटलेला असताना व्यास किती, ते विचारा.

सुरुवातीला जवळपास प्रत्येक चकबरोबर मिळणारे ५० मिलिमीटरचे जबडे पुरेसे असतात. त्यावर करंडा, भोवरा आणि सात-आठ इंचांपर्यंतची भांडी निवांत होतात. पुढे गरज पडेल तशी भर घाला:

- ७५ किंवा १०० मिलिमीटर: दहा-बारा इंचांच्या भांड्यांसाठी. भांड्याच्या बुडाला जबड्यांत धरण्यासाठी काततो तो आखूड गोल भाग म्हणजे खुंटी. ती भांड्याच्या व्यासाच्या साधारण एक तृतीयांश असावी, हा अंदाज धरला की कुठले जबडे लागतील ते कळतं.
- २५ मिलिमीटरचे बारीक जबडे: झाकणाची मूठ, लहान गोट्या, खुळखुळ्याचे भाग.
- कोल जबडे: रबराच्या खुंट्या लावलेल्या मोठ्या तबकड्या. भांडं उलटं धरून बूड साफ करायला. यावर वेग अगदी कमी ठेवायचा, मर्यादा कंपनीने लिहून दिलेली असते. टेलस्टॉकचा आधार शेवटपर्यंत काढू नका.

जबड्यांचा आतला कातही बघा. काहींना कबुतराच्या शेपटीसारखा तिरका कात असतो, त्याला डव्हटेल म्हणतात. काहींना सरळ, दातेरी. डव्हटेलला खुंटीही तशीच तिरकी कातावी लागते, पण पकड स्वच्छ मिळते आणि लाकडावर खूण उरत नाही. दातेरी जबड्यांना सरळ खुंटी चालते आणि ओल्या लाकडात ते घट्ट रुततात. नवशिक्यांना मी डव्हटेल सुचवतो, कारण त्यामुळे खुंटी नीट कातायची सवय लागते.

आणि लक्षात ठेवा, एका कंपनीचे जबडे दुसऱ्या कंपनीच्या चकवर सहसा बसत नाहीत. एकाच कंपनीच्या लहान आणि मोठ्या चकचेही अनेकदा बसत नाहीत. चक निवडताना तुम्ही खरं तर पुढच्या सगळ्या जबड्यांचं दुकान निवडत असता. दोन चक घ्यायची वेळ आली तर दोन्ही एकाच जातीचे घ्या.

नावं कुठली?

कॅनडात राहणाऱ्यांना एक सोय आहे. वनवे ही कंपनी ऑन्टारिओतल्या स्ट्रॅटफर्डची. तिचा टॅलन हा चक छोट्या-मध्यम लेथसाठी आणि स्ट्राँगहोल्ड मोठ्या लेथसाठी. दोन्हींना इन्सर्ट लागतो. किंमत जास्त आहे, पण सुटे भाग देशातल्या देशात मिळतात.

नोव्हा हे न्यूझीलंडच्या टेकनाटूल कंपनीचं नाव. त्यांचा जी३ हा मध्यम लेथवर सर्वात जास्त दिसणारा चक, थेट आट्यांचा आणि इन्सर्टचा असा दोन्ही प्रकारांत मिळतो. ५० मिलिमीटरचे डव्हटेल जबडे बरोबर येतात आणि बाकी जबड्यांची निवड मोठी आहे. इंग्लंडच्या रेकॉर्ड पॉवरच्या एससी३ आणि एससी४ वर नोव्हाचे जबडे बसतात, म्हणजे ही दोन दुकानं एकमेकांना जोडलेली आहेत. ऑस्ट्रेलियाचा व्हिकमार्क उत्तम, पण इथे मिळायला वेळ लागतो.

पहिला चक म्हणून मी बारा इंची लेथवाल्यांना जी३ च्या वर्गातला चक सुचवतो, आणि ज्यांना भांड्यांचंच वेड लागलं आहे त्यांना टॅलन. बिनानावाचे स्वस्त चक सगळेच वाईट असतात असं नाही. पण त्यांचे जबडे दोन वर्षांनी मिळतील का, याचं उत्तर विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं.

दुकानात जाणं शक्य असेल तर जाच. ली व्हॅली, बिझी बी, पश्चिमेकडे केएमएस अशा हत्यारांच्या दुकानांत विचारा. चक हातात घेऊन किल्ली फिरवून बघा. जबडे सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकसारख्या जोराने सरकले पाहिजेत, मध्येच जड आणि मध्येच सैल नकोत. मिटलेल्या जबड्यांच्या चारही फटी सारख्या दिसल्या पाहिजेत.

त्याहून चांगली वाट म्हणजे जवळच्या कातकाम मंडळात जाणं. वूडटर्नर्स गिल्ड ऑफ ऑन्टारिओ, ग्रेटर व्हँकूव्हर वूडटर्नर्स गिल्ड अशी मंडळं आहेत. १९८६ मध्ये स्थापन झालेल्या अमेरिकन असोसिएशन ऑफ वूडटर्नर्सच्या शाखाही कॅनडाभर आहेत. तिथले वयस्क कातारी आपला चक तुमच्या हातात देतात, वापरून बघा म्हणतात. मला तिथे एका संध्याकाळी जे कळलं, ते महिनाभर चित्रं बघून कळलं नव्हतं.

जुना चक घेताना

किजिजीवर किंवा फेसबुक मार्केटप्लेसवर चांगले चक मिळतात, अनेकदा जबड्यांच्या दोन-तीन जोड्यांसकट. जाताना तुमच्या आट्यांचे आकडे, टॉर्च आणि ॲलन कीचा संच बरोबर न्या. तिथे हे तपासा:

- जबड्यांवर आणि त्यांच्या जागांवर १ ते ४ आकडे असतात. ते जुळतात का? वेगवेगळ्या संचांतले जबडे एकत्र केलेले नाहीत ना?
- जबडा हाताने पुढे-मागे हलवून बघा. थोडी ढिलाई चालेल, खडखडाट नको.
- मागच्या आट्यांत टॉर्च मारा. चुरगळलेले, चपटे झालेले आटे दिसले तर परत फिरा.
- कुठे वेल्डिंग केलेलं किंवा जबड्याला तडा गेलेला दिसला तर फुकट मिळाला तरी घेऊ नका.
- किल्ली आणि जबड्यांचे स्क्रू मिळताहेत ना ते बघा.

आत भुसा भरल्याने जड फिरत असेल तर घाबरायचं कारण नाही. जबडे काढून, उघडून, घासून, कोरडं वंगण लावलं की तो नव्यासारखा चालतो.

सीमेपलीकडून मागवताना

अमेरिकेतल्या दुकानाचा भाव बघून लगेच ऑर्डर देऊ नका. त्या भावावर विनिमय दर, पाठवणी, इथला विक्रीकर (ऑन्टारिओत १३ टक्के, अल्बर्टात ५) आणि कुरियर कंपनीचं दलाली शुल्क चढतं. १ जुलै २०२० पासून अमेरिकेतून कुरियरने येणाऱ्या मालाला ४० कॅनेडियन डॉलरपर्यंत कर नाही आणि १५० डॉलरपर्यंत सीमाशुल्क नाही. चांगला चक यात क्वचितच बसतो. टपालाने आलेल्या पार्सलला ही सवलत २० डॉलरपुरतीच. शिवाय आयातशुल्काचे नियम अलीकडे पटापट बदलले आहेत, म्हणून ऑर्डरच्या दिवशी सीमासेवा विभागाची ताजी माहिती बघा.

दलाली शुल्क टाळून सीमासेवेच्या कार्यालयात जाऊन पार्सल स्वतः सोडवता येतं. मात्र ते कुरियरला आधी कळवावं लागतं, पार्सल दारात आल्यावर नाही. चक परत करायची वेळ आली तर जाण्याचा खर्चही तुमच्याच माथी येतो आणि लोखंडाचं पार्सल हलकं नसतं. या सगळ्याची बेरीज केली की इथल्या दुकानाचा भाव बहुतेक वेळा बरा ठरतो.

परतफेड आणि तुमचे हक्क

एक गैरसमज आपल्या लोकांत फार पसरला आहे: "दहा दिवसांत काहीही परत करता येतं." ऑन्टारिओतली दहा दिवसांची सवलत मुख्यतः घरी येऊन करवून घेतलेल्या करारांसाठी आहे. दुकानात जाऊन घेतलेला चक "मन बदललं" म्हणून परत घ्यायला दुकान कायद्याने बांधलेलं नाही. ते दुकानाच्या धोरणावर अवलंबून असतं. म्हणून पैसे देण्याआधी विचारा: किती दिवस, खोकं फोडलेलं चालेल का, पैसे परत की स्टोअर क्रेडिट? चुकीच्या आट्यांची शंका असेल तर चक स्पिंडलवर जोराने बसवू नका. ओरखडा उठला की बहुतेक दुकानं परत घेत नाहीत.

माल सदोष निघाला तर गोष्ट वेगळी. व्यापाऱ्याने विकलेली वस्तू वापरण्याजोगी असली पाहिजे, ही अट कायद्यानेच विक्रीला जोडलेली असते. क्वेबेकमध्ये तर ग्राहक संरक्षण कायद्याने किंमत आणि वापर बघून वाजवी काळ टिकण्याची हमी मिळते, कंपनीची छापील हमी संपली तरीही. तिथे ज्यादा हमी विकत घेण्याआधी हे लक्षात घ्या.

ऑनलाइन मागवलेला माल ठरलेल्या तारखेनंतर ३० दिवसांतही आला नाही, तर ऑन्टारिओत साधारणपणे तुम्ही करार रद्द करून पैसे मागू शकता. तेही लेखी कळवा, फोनवर नको.

खासगी माणसाकडून जुना चक घेतला तर हे संरक्षण जवळजवळ नसतं. तिथे तुमचा टॉर्चच तुमचं संरक्षण.

पकड चकची नसते, खुंटीची असते

माझं पहिलं मेपलचं भांडं चकमधून सुटलं आणि गॅरेजच्या भिंतीवर आदळलं. चेहऱ्यावर शील्ड होती म्हणून आज हे लिहितो आहे. चक नवा होता, किल्लीही घट्ट आवळली होती. नंतर तुटलेला तुकडा हातात घेऊन बघितला तेव्हा कळलं. मी खुंटी लांब ठेवली होती. ती चकच्या तळाला टेकली होती आणि भांड्याचा खांदा, म्हणजे खुंटीभोवतीचा सपाट भाग, जबड्यांपासून दोन मिलिमीटर वर अधांतरी होता.

खांदा जबड्यांच्या माथ्यावर सपाट बसला पाहिजे. भांड्याला आधार तिथून मिळतो, खुंटी फक्त त्याला मागे ओढून धरते. म्हणून खुंटी जबड्यांच्या खोलीपेक्षा आखूड, बहुतेक वेळा ६ ते १० मिलिमीटर. खुंटी आणि खांदा मिळतात तो कोपरा टोकदार हवा, गोलसर नको. बसवल्यावर मागून टॉर्च धरा. खांदा आणि जबडे यांच्यामधून उजेड दिसला तर काढा आणि पुन्हा काता.

खुंटीऐवजी बुडाला खाच करून, त्यात जबडे आतून बाहेर फाकवूनही धरता येतं. ते आडव्या रेषांच्या लाकडात, म्हणजे ताट-भांड्यांत करा, आणि खाचेभोवती भरपूर लाकूड ठेवा. करंड्यासारख्या उभ्या रेषांच्या तुकड्यात जबडे फाकवले की लाकूड रेषेवर सरळ चिरतं.

पहिल्यांदा लेथ सुरू करण्याआधी

स्पिंडलचा खांदा आणि चकची मागची कड पुसून घ्या. तिथे अडकलेला एक कपचा सगळं वाकडं फिरवतो. जबड्यांचे स्क्रू आवळा. किल्ली काढून खिशात ठेवा, दर वेळी. लाकूड हाताने एक पूर्ण फेरा फिरवून बघा, कुठे टूल रेस्टला लागत नाही ना. मग बाजूला उभे राहून सर्वात कमी वेगाने सुरू करा. लाकडाचा इंचांतला व्यास गुणिले आरपीएम ६,००० ते ९,००० च्या दरम्यान असावं, असा जुना हिशोब आहे. दहा इंचांच्या भांड्याला ६०० ते ९००. ओबडधोबड, तोल नसलेल्या लाकडाला त्याहूनही कमी. लेथ घेताना त्याचा किमान वेग म्हणूनच बघायचा.

चष्मा पुरत नाही. पूर्ण चेहऱ्याची शील्ड घ्या, कॅनडाच्या झेड९४.३ मानकाची खूण बघून. मंगळसूत्र, बांगड्या, अंगठ्या, ओढणी, हुडीच्या दोऱ्या सगळं काढून ठेवा. आणि गॅरेज कितीही गार असलं तरी हातमोजे घालून लेथवर उभे राहू नका. हातमोज्याचा एक धागा जबड्यात गेला की मागोमाग बोटं जातात. गार वाटत असेल तर आधी गॅरेज तापवा, नाहीतर त्या दिवशी काम राहू द्या.

ओलं लाकूड आणि इथला हिवाळा

कॅनडात लाकूड फुकट मिळतं, हे खरं आहे. शेजाऱ्याचा मेपल पडतो, पालिका झाडं तोडते. ॲशचं लाकूड तर मुबलक, कारण एमराल्ड ॲश बोअरर हा हिरवा भुंगा २००२ मध्ये विंडसरला सापडला आणि तेव्हापासून त्याने असंख्य झाडं मारली. पण भुंग्याच्या नियंत्रित क्षेत्रातून ॲशचं लाकूड किंवा कुठल्याही झाडाचं जळण बाहेर न्यायला कॅनेडियन फूड इन्स्पेक्शन एजन्सीचे निर्बंध आहेत. कॉटेजवरून ओंडके गाडीत भरण्याआधी ते ठिकाण क्षेत्रात येतं का बघा.

ओल्या लाकडाचं भांडं आधी जाड ठेवून कातायचं, भिंतीची जाडी व्यासाच्या दहाव्या हिश्शाएवढी, मग महिनोन्‌महिने वाळवायचं. हिवाळ्यात हीटर चालू झाला की घरातली हवा इतकी कोरडी होते, की उघडं ठेवलेलं भांडं आठवड्यात तडकतं. कडांना मेणाचा लेप द्या, कागदी पिशवीत घाला आणि बेसमेंटच्या सर्वात गार कोपऱ्यात ठेवा.

वाळताना भांडं लंबगोल होतं, खुंटीही होते. आणि इथे चकशी पुन्हा गाठ पडते. लंबगोल खुंटी गोल जबड्यात नीट बसत नाही, म्हणून ओलं असतानाच खुंटी तुमच्या जबड्यांच्या खऱ्या गोलापेक्षा पाच-सहा मिलिमीटर मोठी ठेवा. वाळल्यावर भांड्याचं तोंड चकच्या मिटलेल्या जबड्यांवर उपडं ठेवा, मध्ये जुन्या स्वेटरचा तुकडा घाला, टेलस्टॉकचं टोक खुंटीच्या मधल्या खुणेवर दाबून धरा आणि अगदी हलक्या हाताने खुंटी पुन्हा गोल करून घ्या. मधली ती खूण पहिल्याच दिवशी, लाकूड ओलं असताना, पेन्सिलीने नाही तर टोच्याने करून ठेवा.